कर्त्याचं नाव

भूमजवळच्या गावात बजरंग सर दहावीला इंग्रजी शिकवत. हक्क मिळाल्याची वाक्यं कर्मणी प्रयोगात कशी करतात, ते सांगून त्यांनी फळ्यावर 'वॉज ग्रँटेड', 'वॉज अलाउड' लिहिलं आणि एकेकाला उठवलं.

आजोबांची मयत झाल्यापासून प्रीती आज पहिल्यांदाच शाळेत आली होती. तिनं अडखळत इंग्रजीत सांगितलं, की माझ्या आजोबांना चार तासांनी स्मशानात जाऊ दिलं गेलं.

"शाब्बास! एक चूक न्हाय," सर म्हणाले. "आता 'बाय' लावून कर्ता सांग. कुणी जाऊ दिलं?"

प्रीतीला रणरणत्या उन्हात बांधावर टेकवलेली तिरडी दिसली. वावरातून स्मशानाची वाट न देणाऱ्या मालकाचे पाय धरून बसलेला बाप दिसला. ती बोलली.

"बाय यू, सर."

सरांनी शांतपणे हाताचा खडू झटकला.

"कर्त्याचं नाव घ्यायलाच पायजे असं काय न्हाय. बस खाली," ते म्हणाले. "आन् घरी सांग, पुढच्या मयतीला आधी इचारून निघायचं."