हात बाहेर

मिस्त्रीचा हात कोपरापर्यंत इंजिनात होता आणि दाजीनं चावी फिरवली.

"हात!" घराच्या दारातून त्याची ताई किंचाळली. मिस्त्रीनं हात ओढला, पण पंख्याच्या पात्यानं मधल्या बोटाचं नख नेलंच. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

"अरे वा," सीटवरून दाजी हसला. "अर्ध्या चावीत चालू झाली की! आधी दहादा घरघर करायची."

मिस्त्रीनं बोटाला चिंधी गुंडाळली. या गॅरेजात वडिलांच्या काळापासून एकच कायदा होता. चावी लावणाऱ्यानं आधी 'हात बाहेर' असं ओरडायचं. तो विसरला, तर जो बघत असेल त्यानं ओरडायचं. भावाबहिणीला बाराखडीच्या आधी हे पाठ झालं होतं. दाजीलाही हा कायदा चांगला माहीत होता, म्हणूनच त्याला हसू येत होतं.

तीन दिवस मिस्त्री या जुन्या गाडीशी झटत होता. कार्बोरेटर काढून मोडीतल्या एका गाडीचं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन त्यानं बसवलं होतं. टाकी रिकामी करून, वरून भोक पाडून आत नवा पंप सोडला होता. इंजिनाच्या कुशीतला जुना पंप गेला, त्या जागी पत्र्याची चकती आली. सासुरवाडीला काम फुकट होतं, म्हणून दाजीनं गाडी इथं आणली. आठ दिवसांपूर्वी सुजलेला जबडा घेऊन माहेरी आलेली बायकोही त्याच खेपेत न्यायची होती.

"दाजी, पंप आता मागं टाकीत आहे," मिस्त्री म्हणाला. "चावी एक घर फिरवायची, मागून गुणगुण ऐकू येते. दोन सेकंद थांबायचं, मग स्टार्ट. आणि बंद पडलीच तर बोनेट उघडून..."

"मला शिकवतोस? वीस वर्षं चालवतोय." दाजी खाली उतरला. "चल गं, बॅग भर."

"ताई येणार नाही."

हे वाक्य मिस्त्रीनं तीन दिवस घोकलं होतं. तरी ऐन वेळी आवाज चिरकलाच.

दाजीनं त्याला एकच ठोसा लगावला. मिस्त्री भिंतीपाशी बसला, नाकातून रक्त गळू लागलं. मग टाकीतून काढून उरलेल्या पेट्रोलचा कॅन दाजीनं उचलला आणि घराच्या उंबऱ्यावर, पायपुसण्यावर, दारातल्या ताईच्या पावलांवर सावकाश ओतला, कुंडीला पाणी घालावं तसा. खिशातून काडेपेटी काढली.

"आता विचार तिला, येते का."

ताई आत गेली आणि बॅग घेऊन आली. पाय तिनं पुसलेही नाहीत.

ती पुढच्या सीटवर बसली. दार लावता लावता मिस्त्रीनं वाकून तिच्या पायाखालची चटई सारखी केली. चटईखाली मिस्त्रीनं गुपचूप बसवलेलं, दिव्यांचा झोत वरखाली करायला जुन्या गाड्यांत पायानं दाबायचं ते डिपरचं बटण होतं आणि पंपाची वायर त्यातून गेलेली होती. सकाळीच त्यानं ताईला ते दाखवलं होतं. एकदा दाबलं की पंप बंद, परत दाबलं की चालू. कार्बोरेटरची गाडी पेट्रोल तुटलं तरी उरल्यासुरल्या घोटावर थोडी पळते; ही जागीच मरेल. "चौकात दाब. माणसं असतात तिथं. उतरायचं आणि समोरच्या दुकानात शिरायचं."

ताई हो म्हणाली नव्हती. याआधी ती तीनदा परत गेली होती. चौथ्यांदाही मुकाट्यानं जाते की काय, याचीच मिस्त्रीला धास्ती होती.

गाडी निघाली. मिस्त्री तिच्या मागं रस्त्यावर आला. चौक आला. चौक गेला.

"दाब ना गं," तो पुटपुटला.

चौकापलीकडे गोदामांच्या लांबलचक भिंती होत्या. भरदुपारीही तिथं चिटपाखरू नसायचं. नेमकी तिथं गाडी गपकन थांबली. मिस्त्री जिवाच्या आकांतानं पळत सुटला.

चावी तशीच ठेवून दाजी उतरला, दार आपटलं, बोनेट वर केलं. गाडी अडली की जुन्या पंपाला बुक्की मारायची, ही वीस वर्षांची सवय. हात सरळ इंजिनाच्या कुशीत गेला. तिथं नुसता पत्रा. शिव्या हासडत तो पंख्यामागून आणखी आत चाचपडू लागला.

मिस्त्री मागून पोचला आणि धापा टाकत डिकीला टेकला. मागच्या काचेतून त्याला ताई दिसली. ती सरकून स्टिअरिंगसमोर बसली होती. उघड्या बोनेटमुळे दाजीला ती दिसत नव्हती.

ताईनं बटण परत दाबून चावी एक घर फिरवली. मिस्त्रीच्या तळव्याखाली पंप गुणगुणला.

एक सेकंद. मिस्त्रीनं तोंड उघडलं. जन्मभर ओरडत आलेले दोनच शब्द होते. चिंधीतलं बोट ठसठसलं.

दोन सेकंद. त्यानं तोंड मिटलं.

गाडी अर्ध्या चावीत चालू झाली.

किंकाळी गोदामाच्या भिंतीवर आपटून परत आली. दाजी रस्त्यावर लोळत होता. उजव्या हाताच्या पंजाकडे बघवत नव्हतं.

ताईनं चावी बंद केली आणि उतरली. आधी तिनं दाजीच्या खिशातून काडेपेटी काढून गटारात फेकली. मग भावाच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि नवऱ्याच्या मनगटाला करकचून आवळलं.

"तू आरशात दिसलास," वर न बघता ती म्हणाली. "म्हणून थांबले दोन सेकंद. वाटलं, तू ओरडशील."