दर दहा मिनिटांनी

"बाई, दिवसभर कम्प्युटरसमोरच बसता का हो?" नगरपालिकेचा साहेब दारातूनच डाफरला.

शालनताई पोळ्या लाटत होत्या. समोरच्या उघड्या गटारात पडून सासूबाईंचा पाय मोडला, तेव्हा शालनताईंनी तक्रार नोंदवली होती. गटारावर झाकण न बसवताच साहेबाचं ऑफिस नगरपालिकेच्या वेबसाइटवर ती बंद करायचं आणि दहा मिनिटांत ती पुन्हा उघडायची. आज सकाळपासून नऊ वेळा.

"मी कशाला बसू? व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहिलाय. तो दर दहा मिनिटांनी बघतो, तक्रार बंद दिसली की उघडतो."

"थांबवा तो!"

"झाकण बसलं की थांबवते."

आतून टिंग वाजलं. "बघा, तुमच्या माणसानं बंद केली होती, उघडलीसुद्धा."

साहेबानं फोन लावला. "अरे, तक्रारीला हात लावू नका! आधी झाकण आणा."

"बसा, साहेब. झाकण येईपर्यंत दर दहा मिनिटांनी एक गरम पोळी वाढते."