तारीख निघाली

पंजाबरावांनी पोह्यांच्या प्लेटला हात लावला नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे सत्यभामानं ओळखलं. आर्णीहून भर उन्हात आलेला माणूस, मुलीचा बाप, लग्नाची तारीख काढायला आलेला. आणि नुसतं पाणी पिऊन आपल्या चपलांकडे पाहत बसतो?

"घ्या नं भाऊ, थंडे होऊन राह्यले," ती म्हणाली.

"वहिनी, मले आधी बोलू द्या." पंजाबरावांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "देवरावभाऊ, निकिताचं लग्न मी थांबवतो."

"थांबवतो म्हंजे? किती दिवस?"

"थांबवतो म्हंजे... मोडतो."

देवरावांच्या हातातला कप तसाच राहिला. "पोरात काय खोट निंघाली?"

"पोरगा सोनं हाय. पन हाय कुठं थो? तिकडं आखातात. तुमी बी टीव्ही पाह्यता. तिथल्या दोन देशांचं भांडन होतं तवरिक मी काई बोललो नाई. आता अमेरिकेची जहाजं आली. रशिया धमक्या देऊन राह्यला. चीन का चुप बसन? एकदा हे मोठे उतरले त महायुद्धच हाय. आन तुमचा कपिल त्याच्या मधात."

देवरावांनी कप खाली ठेवला. "दोन सालाआधी थो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डर होता. दारव्ह्याहून रोज जानं-येनं करे. तवा तुमीच म्हनलं, इथल्या कामावर पोरगी देत नाई. म्हनून गेला थो. त्याले हौस नोयती."

"म्हनलं होतं. नाकबूल कायले करू?"

"आन महायुद्ध झालं त तुमची आर्णी वाचन का?"

"नाई वाचनार," पंजाबराव म्हणाले. "पन पोरगी माह्या डोयासमोर राहीन."

सत्यभामाला त्या माणसाचा राग आला, पण तो धरून ठेवता येईना. निकिता आपल्या पोटची असती तर आपणही हेच केलं असतं, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कपिलचा व्हिडिओ कॉल. तीन दिवसांनी लागला होता.

कुठल्याशा गोदामात तो भिंतीला टेकून बसला होता. डोक्यावर कामावरचं हेल्मेट. मागे फरशीवर माणसंच माणसं. मध्येच पत्रे थरथरल्यासारखा आवाज आला, तशा सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या.

"काय रे थे?" सत्यभामा ओरडली.

"काई नाई, आई. एसी खराब हाय इथला." तो हसला. दाढी वाढली होती, ओठ फुटले होते. "मामाजी आले का? आज येनार होते नं? काढली का तारीख?"

तिनं फोन पंजाबरावांपुढे धरला. सांगायचं असेल तर ह्यानं सांगावं, त्याच्या तोंडावर सांगावं.

पंजाबरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पडद्यावरच्या त्या पोराकडे ते पाहतच राहिले. पुन्हा पत्रे थरथरले.

"निंघाली, बेटा," ते म्हणाले. "डिसेंबरचा पयला रविवार."

"खरं?"

"खरं. तू जीव सांभाय फक्त."

कपिलनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "लय बरं झालं, मामाजी. इथं घरी जानाऱ्यांची यादी करून राह्यले. उद्या विमान हाय. पन गेलं त नोकरी गेली, आन परत घेत नाई म्हनते. मी तुमच्याच शब्दासाठी थांबलो होतो. तासाभरात यादी बंद होते. या नोकरीवरच त लग्न ठरलं. आता मी नाव देतच नाई. राहतो इथंच."

"कपिल, थांब! आईक," सत्यभामानं झडप घालून फोन घेतला. "नाव दे तू! तारीख..."

पडद्यावर त्याचा हसरा चेहरा तसाच अडकून राहिला. मग तोही गेला.

तिनं लावला. देवरावांनी आपल्या फोनवरून लावला. पंजाबरावांनी लावला. पाच वेळा, दहा वेळा. कोणाचाच लागेना.

"मी त त्याले धीर यावा म्हनून..." पंजाबराव पुटपुटले.

"मेसेज टाका," सत्यभामा म्हणाली. "तुमच्याच फोनवरून टाका. आमचं थो आईकनार नाई."

पंजाबरावांनी फोन काढला. वर कपिलचा तीन दिवसांपूर्वीचा मेसेज होता : 'जयभीम मामाजी. काळजी करू नका.'

"काय लिहू?"

"लिहा, लग्न मोडलं. घरी ये."

एकेक अक्षर शोधत पंजाबरावांनी लिहिलं आणि पाठवलं. मेसेजपुढे एकच टिक आली. इथून गेला होता, तिथं पोचला नव्हता. देवराव टीव्ही लावायला उठले आणि नको ती बातमी ऐकू येईल म्हणून न लावताच परत येऊन बसले.

"एवढ्यानं नाई येनार थो," सत्यभामा म्हणाली. "थो म्हनन, मी मामाजीले समजावतो. पोरगीच नाई म्हनते, असं लिहा."

"वहिनी, निकिता तशी नाई. रोज टीव्हीसमोर बसून रडते थे."

"लिहा. मले थो कदीच पसंत नोयता म्हनते, असं लिहा."

पंजाबरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहिलं. त्यापुढेही एकच टिक आली.

"अजून लिहा," ती म्हणाली. "यापरस वाईट लिहा."