छातीवरचा मार

"मार कशाचा लागला?" सर्जनबाईंनी विचारलं.

"मशीनवरून फळी उडाली," सुतार म्हणाला. दारापासून खुर्चीपर्यंत चालल्यानेच त्याला धाप लागली होती. खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलाने मान खाली घातली.

फळी उडालीच नव्हती. पाच महिन्यांपूर्वी कारखाना विकण्यावरून बापलेकांत वाजलं होतं. बाप नाही म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला. मुलाचं डोकं सणकलं. त्याने मागून ढकललं. बापाची छाती करवतीच्या मशीनच्या लोखंडी कडेवर आदळली. आईला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सगळ्यांना बापाने फळीचंच सांगितलं. मुलाला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. ते न बोलणंच मुलाला आतून पोखरत होतं.

सर्जनबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. त्या माराने आतली एक झडप फाटली होती, तिला धरून ठेवणारे तंतू तुटले होते. रक्त उलटं फिरत होतं.

"जमलं तर हीच शिवू. नाहीतर नवी बसवावी लागेल."

"जुनंच दार बघा जमतंय का," सुतार म्हणाला. "चौकटीला सवयीचं असतं."

बाई हसल्या. मुलाला हसू आलं नाही.

ऑपरेशन सहा तास चाललं. झडप शिवली गेली, भोवती आधाराला एक कडं बसवलं. चौथ्या दिवशी बाप उशीला टेकून बसला. कितीतरी दिवसांनी तो न थांबता दोन वाक्यं बोलला. मुलगा त्याला चमच्याने पाणी पाजत होता. मध्येच त्याने चमचा बाजूला ठेवला.

"बाबा, मी आईला खरं काय ते सांगतो. डॉक्टरांनाही. मला नाही आता सोसवत."

"बस."

तो पलंगाच्या कडेला बसला. बापाने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नजर मात्र सलाइनच्या बाटलीवर होती.

"तुझे आजोबा दम्याने गेले म्हणतो ना आपण? दमा नव्हता रे त्यांना. भांडणात मी ढकललं होतं, तेव्हापासून धाप लागायची. मरेपर्यंत त्यांनी कुणाला माझं नाव सांगितलं नाही."

मुलाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आईला सांगशील ना," बाप म्हणाला, "तेव्हा माझंही सांग."