फलाटावरचा प्रसंग

लिफ्टवाल्याने आपल्या चावीने दार उघडलं, तेव्हा टीव्हीवर एक बाई हुंदके देत होती आणि समोर खुर्चीत बसलेली त्याची बायको डोळे पुसत होती. दुपारचा एक वाजला होता. या वेळी तो कधीच घरी नसे.

"आज लवकर?" तिने विचारलं.

"हो. सुटलो लवकर."

हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायला त्याने हात खाली नेला आणि पिशवी नाहीच हे त्याच्या लक्षात आलं. ती सकाळीच साहेबांनी ठेवून घेतली होती. सव्वीस वर्षं त्याने गावभरच्या बंद लिफ्ट चालू केल्या. त्याला घरी बसवायला साहेबांना पाच मिनिटं पुरली. "आता बिघाडसुद्धा कॉम्प्युटरच शोधतो हो," ते म्हणाले होते. वर चहाही पाजला होता.

एरवी फजिती सांगावी तर त्यानेच. बस चुकली, छत्री उलटी झाली, दुरुस्तीला गेला आणि स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. जेवताना तो सगळं मीठमसाला लावून सांगायचा, बायको हसायची, विषय संपायचा. सिनेमेही त्याला तसलेच लागत, पडापडीचे. विनोद व्हायच्या आधीच तो खो खो हसत सुटे. बायकोचं उलटं. तिला रडका सिनेमा हवा. त्यातही हा एकच, आई आणि लेकीची फलाटावर ताटातूट होते तो. पन्नासदा तरी पाहिला असेल. "झाला का रडूबाईंचा कार्यक्रम सुरू?" म्हणत तो रुमालाऐवजी तिच्या हातात टॉवेल द्यायचा.

आजचंही तसंच हसत सांगून टाकायचं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. जिना चढताना वाक्यंसुद्धा जुळवली होती.

"अगं, गंमत ऐक," तो म्हणाला. "आज साहेबांनी..."

तो घोटभर पाणी प्यायला. पुन्हा सुरुवात केली. तोंडावर हसू आलं, शब्द आले नाहीत. हनुवटी थरथरायला लागली, तसा तो पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर उगाचच सरळ करू लागला.

बायकोने त्याचे रिकामे हात पाहिले. काय झालं, असं तिने विचारलं नाही. सिनेमा थोडा मागे नेला, आवाज वाढवला आणि दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली.

"बसा," ती म्हणाली. "पाच मिनिटांत गाडी सुटेल. तेव्हा रडून घ्या. कुणी काही विचारत नाही."

तो बसला. "कुणी विचारत नाही, हे तुला कसं माहीत?"

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"आपली चिऊ, एवढीशी पोर, तापात गेली, तेव्हा तुम्ही म्हणालात, आता या घरात कुणी रडायचं नाही. मला हा सिनेमा कधीच आवडला नाही हो."