उरलेला कागद

बाईंनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि पुन्हा एकदा वाचला.

शाळेच्या सॉफ्टबॉल संघाच्या बॅटिंगच्या क्रमाचे दोन कागद त्यांनी सकाळी बसमध्ये लिहिले होते. एकात चिमणी सातवी, लंबू आठवी, नेहमीसारखं. दुसऱ्यात लंबू आधी, चिमणी मागून. कारण अख्ख्या मोसमात चिमणीच्या बॅटला चेंडू म्हणून लागला नव्हता. मैदानात पोचेपर्यंत बाईंना स्वतःचीच लाज वाटली. नेहमीचाच कागद पंचांना द्यायचा ठरला. मुलींना यातलं काही कळायचं कारणच नव्हतं; त्या नेहमीच्याच क्रमाने खेळणार होत्या.

खिशात उरलेला कागद नेहमीचा होता.

म्हणजे पंचांकडे दुसरा गेला होता. म्हणजे आत्ता, शेवटच्या डावात, दोघी बाद, स्कोअर बरोबरीत, तिसऱ्या बेसवर भिंगरी चुळबुळत असताना जी पोरगी बॅट घेऊन उभी होती, तिची पाळी नव्ह—

स्ट्राइक.

"अगं, हिच्यापेक्षा हिची बॅट उंच आहे!" समोरच्या बाकावरून एकजण ओरडली.

"चिमणे, हात चालव, पंख नको!" आपल्या बाकावरून लंबू.

बाई उठल्या. बसल्या. परत उठल्या. आज दोनदा चिमणी याच चुकीच्या पाळीला आली होती आणि दोनदा बाद झाली होती. बाद होणारीची पाळी कोण तपासतं?

नियम सरळ होता. चिमणी खेळत असेपर्यंत बाईंनी स्वतःहून चूक सांगितली, तर दंड नाही. तिच्या जागी लंबूने उभं राहायचं आणि पुढचं खेळायचं. पण चिमणीने फटका मारला आणि मग समोरच्यांनी चूक पकडली, तर धाव रद्द, लंबू न खेळताच तिसरी बाद आणि डाव संपला. पंच मैदानाबाहेर जाईपर्यंत कुणी पकडली नाही, तर झालं ते झालं.

अकरा सामने, अकरा पराभव. "एक तरी जिंकून दाखवा," मुख्याध्यापक म्हणाले होते, "नाहीतर पुढच्या वर्षी हा संघ बंद." हा बारावा आणि शेवटचा. लंबूला पाठवलं, तर निदान—

बॉल. बाहेरचा. चिमणीने सोडला.

—निदान आशा तरी. पण मग चिमणीला भर मैदानातून परत बोलवायचं. आणि सांगायचं काय? की बसमध्ये तुझ्या शेजारी बसून मी तुला खाली ढकललं?

"बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" लंबूने पाण्याची बाटली पुढे केली.

"मला काय धाड भरलीय! हेल्मेट घाल."

लंबूने घातलं. "घातलं. आता?"

आता काय, ते बाईंनाच—

स्ट्राइक. दोन झाले, तिसऱ्याला बाद.

चिमणीने वळून बाकाकडे पाहिलं. बाई रेषेपर्यंत आल्या होत्या, एक हात अर्धवट वर.

"काय, बाई?"

हेल्मेट तिला मोठं होत होतं. ते कपाळावरून मागे ढकलून ती थांबली होती, सांगाल ते करायच्या तयारीने.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चालू दे तुझं."

ठक्.

फटका कसला! बॅटच्या टोकाला चेंडू लागला, दुसऱ्या बेसवाल्या मुलीच्या डोक्यावरून आळोखेपिळोखे देत गेला आणि गवतात पडला. चिमणी क्षणभर बॅटकडेच बघत राहिली. "पळ गं!" बाक किंचाळला. मग ती पळाली, हेल्मेट पडलं तरी पळाली, आणि चेंडू यायच्या आत तिचा पाय पहिल्या बेसवर पडला. भिंगरी केव्हाच शेवटच्या, होम बेसवर पोचली होती; धाव झाली होती.

बारावा सामना त्या जिंकल्या होत्या.

"आवरा!" बाई ओरडल्या. "बॅटी उचला, बाहेर व्हा!"

"बाई, आपण जिंकलो!"

"मला दिसतंय! बसमध्ये नाचा काय नाचायचं ते. चला, चला, चला!"

पलीकडे समोरच्या संघाचे सर वही मिटत होते. मिटता मिटता थांबले. छातीवर लोंबणारा चष्मा त्यांनी नाकावर चढवला आणि क्रमाच्या कागदाची आपली प्रत बाहेर काढली.

पंच घाम पुसत म्हणाले, "तुमची एक मुलगी बेसवरच आहे, बाई. ती आली की मी सुटलो."

बाई पळतच गेल्या. त्यांनी चिमणीचा दंड धरला. "चल! संपला सामना. ऐकू येत नाही?"

चिमणी हलली नाही. दोन्ही पाय जोडून ती बेसच्या बरोबर मधोमध उभी होती. गुडघा खरचटला होता. मान फिरवत ती सगळीकडे पाहत होती. पिचरची जागा, पलीकडचं कुंपण, आपला बाक.

"बाई, इथून सगळं वेगळंच दिसतं हो," ती म्हणाली. "जरा थांबू?"

सरांचं बोट कागदावरून खाली सरकत होतं. चार. पाच. सहा.

बाईंनी तिचा दंड सोडला. सरांकडे पाठ केली आणि तिच्या शेजारी, तिच्याच उंचीला येतील इतक्या वाकून उभ्या राहिल्या.

"दाखव," त्या म्हणाल्या. "कसं दिसतं?"