पगार मुलाखतीत

विनिताने फॉर्मवरचे सगळे रकाने भरले. एकच राहिला. अपेक्षित पगार.

टेबलापलीकडे यूनुसभाई बसले होते. धामणकर नाक्यावर कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. गोडाऊनांना माणसं मिळवून द्यायचं काम ते करत. खिडकी लावलेली होती, तरी खालचे हॉर्न आत येत होते.

"लिहा ना मॅडम," ते म्हणाले. "पार्टीला आजच नाव कळवायचंय."

विनिताने घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता. तीन वाजता मानकोलीच्या गोडाऊनला दोन कंटेनर येऊन लागणार होते आणि माल उतरवून घ्यायला तिलाच उभं राहायचं होतं. सहा वर्षं ती तिथे मितेशशेठकडे स्टॉक बघत होती. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. कुठला खोका कुठल्या रॅकवर आहे, हे ती कॉम्प्युटर न उघडता सांगायची. शेठना तिने सांगितलं होतं की सासूचे डोळे दाखवायला नेतेय. मागच्या वर्षी विठू ड्रायव्हरने दुसरीकडे चौकशी केल्याचं त्यांच्या कानावर गेलं, तर त्याच दुपारी त्याला घरी पाठवलं होतं. म्हणून 'सध्याची कंपनी' या रकान्यात तिने नुसतं 'खाजगी गोडाऊन' असं लिहिलं होतं.

जाहिरात आठवडाभर तिच्या मोबाइलवर होती. स्टॉक इन्चार्ज पाहिजे, पाच वर्षांचा अनुभव. कंपनीचं नाव नाही. पगार मुलाखतीत.

सासू, पुतळाबाई, ऐकून म्हणाली होती, "पगार सांगाला लाज वाटते, तो देल काय? जाऊ नको. फसवणूक हाय ती."

नवरा भूपेश टेम्पो चालवायचा. तो जा म्हणाला, पण सकाळी निघताना पुन्हा दारात आला. "आकडा जास्त नको लिहू. वीस लिही. उगाच हातातलं पण जायचं."

तिला अठरा हजार मिळत होते. दोन वर्षं तेवढेच. दिवाळीत धीर करून तिने विषय काढला होता, तेव्हा शेठ म्हणाले होते, धंदा थंड आहे. ते तिला खरंही वाटलं होतं.

तिने पेन रकान्यावर टेकवलं. वीस लिहिलं आणि त्यांची तयारी पंचवीसची असली तर? पंचवीस लिहिलं आणि त्यांनी फॉर्मच बाजूला टाकला तर? तिने पेन खाली ठेवलं.

"पार्टी किती देणार, ते आधी सांगा," ती म्हणाली.

"तसं नाही सांगत मॅडम. आधी तुमचा आकडा."

"मग राहू दे." तिने फॉर्म उचलला, घडी केली आणि उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा, थांबा. बसा तरी." यूनुसभाईंनी कपाळ पुसलं. या आठवड्यात त्यांनी तीन जणांना पाठवलं होतं आणि तिघेही परत आले होते. कुणाला कामच येत नव्हतं. "तुमच्यासारखं अनुभवी माणूस मला परत नाही मिळायचं. सव्वीस हजार. ओव्हरटाइम वेगळा. बस?"

विनिता बसली. सव्वीस. मग तिने विचारलं, "एवढं देतायत, तर जाहिरातीत का नाही छापलं?"

यूनुसभाई हसले. आता सांगायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असावं. "त्यांचं मानकोलीला एक गोडाऊन आहे. दुसरं दापोड्याला उघडतायत, त्याच्यासाठी माणूस पाहिजे. मानकोलीला एक बाई आहे जुनी, तिच्यावरच सगळं चालतं. पण ती खूप कमीत करते. आकडा छापला, नाव छापलं, की ती पण मागणार ना."

खालच्या गाड्यांचा आवाज एकदम मोठा वाटला तिला.

"मालकाचं नाव काय?" तिने विचारलं.

"मितेशशेठ. आदमी अच्छा आहे."

दिवाळीतली ती दुपार तिच्या डोळ्यांसमोर आली. शेठ मान हलवत होते, आणि त्यांना त्रास दिला म्हणून तीच ओशाळून बाहेर आली होती. राग यायला वेळ लागला. आधी लाज वाटली, मग ती लाजही गेली.

"मॅडम, हो म्हणताय ना?" यूनुसभाईंनी मोबाइल उचलला. "आत्ताच बोलून घेतो त्यांच्याशी."

नाही म्हणायला अजून वेळ होता. गुपचूप उठावं, रिक्षा पकडावी, तीनच्या आत कंटेनरपाशी उभं राहावं. कुणाला काही कळलं नसतं. विठूसारखं घरी बसायची वेळ आली नसती.

रिंग वाजत होती.

"शेठ, सलाम. एक बाई आल्यात, एकदम पक्क्या. सहा साल का अनुभव..."

पलीकडून तो ओळखीचा आवाज आला. "नाव काय?"

यूनुसभाईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला. विनिताने फॉर्म दिला नाही. तिने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"शेठ, मी विनिता बोलतेय. सव्वीसला तयार आहे मी. दापोड्याला जाऊ, का आहे तिथेच राहू?"